दोन रेघांचं बैरंग

१९४८ च्या उन्हाळ्यात, गौलीगुड्यातल्या आमच्या भाड्याच्या घरी, आईने माझ्या थोरल्या भावाचं पत्र दारातून परत पाठवलं. पत्र बैरंग होतं, म्हणजे तिकीट न लावलेलं. असं पत्र घ्यायचं तर तिकिटाच्या दुप्पट पैसे, म्हणजे आकार, पोस्टमनच्या हातावर ठेवावा लागे. नको म्हटलं तर तो ते परत घेऊन जाई. आई नको म्हणाली.

तसं म्हणण्याची तिची ही पहिली वेळ नव्हती. ठरलंच तसं होतं.

दादा शाळेत शिक्षक होता. त्या वर्षी हिंदुस्थानात सामील न झालेल्या आमच्या संस्थानातली बरीच माणसं सरहद्द ओलांडून सोलापूरकडे, संस्थानाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत गेली, त्यांत तोही गेला. वडील संस्थानच्या महसूल खात्याच्या दफ्तरात नोकरीला होते; तिला ते मुलाजमत म्हणत. आजोबाही तिथेच होते. जाण्याच्या दिवशी जेवताना वडिलांनी एवढंच विचारलं, "माझ्या मुलाजमतीचं काय?"

दादा म्हणाला, "ती तुमची आहे, नाना. माझी नाही."

त्यानंतर त्या दोघांत बोलणं झालं नाही. निघताना दादाने आईला आणि वहिनीला समजावून सांगितलं. तो छावणीतून बैरंग पाकीट पाठवत जाईल. पाकिटात काही नसेल. पत्त्यावरचं अक्षर त्याचं दिसलं की तो ठीक आहे असं समजायचं आणि पाकीट परत करायचं. खरोखर काही लिहिलं असेल तर पत्त्याखाली दोन रेघा असतील. रेघा दिसल्या तर पैसे द्यायचे आणि पत्र घ्यायचं.

ही युक्ती त्याने शोधलेली नव्हती. बाहेरगावी मुलगा शिकायला असलेल्या अनेक घरांत ती चाले, आणि पोस्टमनलाही ठाऊक असे. आमच्या घरात तिचा आणखी एक उपयोग होता. छावणीतून आलेलं पत्र सरकारी नोकराच्या घरात सापडलेलं बरं नव्हतं. पोस्टमन दारात येऊन मोठ्याने "बैरंग" म्हणे, आई मोठ्याने "नको" म्हणे, आणि गल्ली ऐके.

उत्तर पाठवणं सोपं नव्हतं. संस्थानचं टपाल निराळं, तिकिटं निराळी. परभणीला पत्र टाकायचं तर घराजवळची पेटी चाले. सोलापूरला टाकायचं तर सुलतान बाजारच्या बाजूला हिंदुस्थान सरकारची टपाल कचेरी होती, तिथे जाऊन तिथलं तिकीट लावावं लागे. मी सुलतान बाजारातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासत असे, म्हणून ते काम माझ्याकडे होतं. वहिनी कार्ड लिहून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवी. छावणीच्या पत्त्यावर ती कार्डं पोचत, कारण एकही परत येत नसे.

त्या दिवशी मी कामावर होतो. वहिनी अंगणातल्या नळावर भांडी घासत होती. दारातलं बोलणं तिने ऐकलं.

"माँजी, बैरंग है. सोलापूर."

"आण इकडे, बघू."

पाकीट हाताळल्याचा आवाज झाला.

"त्याचंच आहे," आई म्हणाली. "ने परत."

"हव, माँजी. अच्छा है ना बेटा?"

"अच्छा है."

संध्याकाळी वडील दफ्तरातून आले. पगडी उतरवताना त्यांनी रोजचा प्रश्न विचारला. टपालाबद्दल ते थेट विचारत नसत. "कोणी आलं होतं का?" एवढंच म्हणत.

"आलं होतं," आई म्हणाली. "ठीक आहे तो."

"खाली काही होतं?"

"काही नव्हतं."

दुसऱ्या दिवशी पोस्टमन शेजारच्या घरी मनिऑर्डर घेऊन आला, तेव्हा वहिनी दाराशी उभी होती. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, कालच्या पाकिटावर पत्त्याखाली काही होतं का.

"दो लकीराँ थे, बेटी. लंबे लंबे. क्यूँ?"

वहिनी आत आली आणि आईला म्हणाली, "रेघा होत्या."

"नव्हत्या," आई म्हणाली. "मला काय दिसत नाही?"

निवडायला घेतलेल्या तांदळांचं सूप आईच्या मांडीवर होतं. आई गेले कित्येक महिने तांदूळ बोटांनी चाचपून निवडत होती आणि सुईत दोरा वहिनीकडून ओवून घेत होती. हे आम्ही सगळे रोज पाहत होतो. वहिनीने सूप स्वतःकडे घेतलं. त्यानंतर तांदूळ तीच निवडू लागली. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण आंधळ्या बाईला घरात कोपऱ्यात बसवतात असं तिने तिच्या माहेरी पाहिलं होतं. हे तिने पुढे सांगितलं, तेव्हा नाही.

मी त्याच दिवशी टपाल कचेरीत गेलो. परतीच्या टपालाची थैली निघून गेली होती.

पुढचं बैरंग आलं नाही. वहिनीची कार्डं एकेक करून परत येऊ लागली. त्यांवर शेरा होता की माणूस पत्ता सोडून गेला आहे. त्या पत्रात काय होतं हे आता कळत होतं. नवा पत्ता होता. तो घेऊन आलेलं पाकीट आमच्या दारातून परत गेलं होतं, आणि पाठवणाऱ्याचं नाव बाहेर लिहायचं नाही असंही आम्हीच ठरवलं होतं.

उन्हाळा संपला. गल्लीतली दोन घरं कुलूप लावून गेली. वडील दफ्तरात जात आणि येत. "कोणी आलं होतं का" हे विचारणं त्यांनी थांबवलं. सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली. त्या दिवसांत टपाल बंद होतं. मग ते सुरू झालं. आमच्या भागाचा पोस्टमन आधी आला नाही, नंतर आला. त्याचा भाऊ बीदरकडच्या एका गावात होता आणि त्याची काही खबर नव्हती. इतरांची पत्रं वाटून झाली की तो आमच्या ओट्यावर बसून पाणी पीत असे. वहिनी त्याला विचारी, "तुमचं आलं का?" तो म्हणे, "नक्को पूछो, बेटी." मग तो तिला विचारी, आणि तीही मान हलवी.

छावणीतली माणसं परतू लागली. दादा परतला नाही. त्याच्या बरोबरच्या एकाने सांगितलं की तो उन्हाळ्यातच तिथून निघाला होता. कोणी पुणं म्हणे, कोणी नगर. निघण्याआधी त्याला ताप होता हेही त्याने सांगितलं, आणि सांगितल्यावर सांगायला नको होतं असा चेहरा केला.

हिवाळ्यात वहिनीचे वडील परभणीहून आले. ते मुलीला न्यायला आले होते. वडिलांशी ते फार अदबीने बोलले.

"व्याही, तुमच्यावर राग नाही. पण वाट तरी किती बघायची? तिकडे असेल तर इकडे कळवायला काय झालं त्याला? सरकार बदललं, आता कोण धरतंय?"

वहिनी आतून म्हणाली, "टपाल कचेरीचं उत्तर येऊ दे, बाबा. मग येते."

अर्ज मी केला होता. त्याला महिने झाले होते. संस्थानच्या टपालातले लोक म्हणत, पत्र बाहेरचं आहे, तिकडे विचारा. तिकडचे म्हणत, वाटप तुमच्याकडचं आहे. उर्दूत एक अर्ज झाला, इंग्रजीत दोन झाले. छापखान्यातून सुटल्यावर मी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे जाई. मधल्या रस्त्यावर कापडाची आणि पुस्तकांची दुकानं नेहमीसारखी उघडी असत. काही खिडक्यांवरची माणसं बदलली होती. विचारायचे प्रश्न तेच होते. पत्र कधीचं, कोणाचं, नोंदवलेलं होतं का. नोंदवलेलं नव्हतं असं सांगितलं की खिडकीतला माणूस हात झटके. कोणाला चुकीचं म्हणता येत नव्हतं. नोंद नसलेलं साधं पत्र शोधून सापडत नाही.

सुलतान बाजारच्या बाजूच्या कचेरीतल्या पोस्टमास्तरांनी मात्र अर्ज वाचून विचारलं, "बैरंग होतं?"

"हो."

"मग माग लागेल. त्याचा आकार येणं असतो. कोणीतरी भरेपर्यंत टपालखातं त्याला सोडत नाही."

त्यांनी अर्ज पुढे पाठवला. संक्रांतीनंतर त्यांनी मला बोलावलं. आम्ही परत केलेलं पाकीट सोलापूरला गेलं होतं. बाहेर नाव नसल्याने पाठवणारा कोण हे तिथे कळलं नाही, तेव्हा ते धनी नसलेल्या पत्रांच्या कचेरीत गेलं. तिथे नियमाप्रमाणे ते उघडलं गेलं. आत पाठवणाऱ्याचा नवा पत्ता होता. तेवढा पाहून त्यांनी पाकीट पुन्हा बंद केलं आणि त्या पत्त्यावर रवाना केलं. पाठवणाऱ्याने आकार भरून ते घेतलं होतं. हे सगळं फौज येण्यापूर्वी झालं होतं.

मी पत्ता मागितला.

"तो मला देता येत नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "माणसाने स्वतः कळवला नाही, तर टपालखात्याने का कळवावा? पण तुम्ही पत्र आणून द्या. वर फक्त नाव लिहा. ते तिथे जाईल अशी व्यवस्था मी करतो."

घरी येऊन मी सांगितलं. वहिनीने दोनदा विचारलं, "पैसे त्याने स्वतः भरले?" मी म्हटलं, पाठवणाऱ्याने भरले असं लिहिलं आहे. ती जिन्याच्या पायरीवर बसली. त्याला ताप होता हे कळल्यापासून ती बसून जेवली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

वडिलांना दुसरी गोष्ट आधी कळली. ते म्हणाले, "रेघा मारलेलं पत्र घरातून परत आलं. म्हणजे त्याला वाटलं, मी परत केलं."

ते खुंटीवरच्या पगडीकडे पाहत होते.

"माझ्या मुलाजमतीसाठी," ते म्हणाले.

उत्तर येईपर्यंत थांबलेले व्याही कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "मग लिहा तसं. तुम्ही परत केलं नाही म्हणून."

"मी लिहिलं तर तो मानणार नाही," वडील म्हणाले.

पत्र वहिनीने लिहायला घेतलं. तिने तब्येत विचारली, घरची खुशाली लिहिली, आणि पुढे काय लिहावं म्हणून थांबली. आई चुलीपुढून म्हणाली, "लिही, की मला दिसत नाही."

वहिनीने टाक खाली ठेवला.

"लिही. अक्षर त्याचं म्हणून मी पोस्टमनला सांगायचे, ते अंदाजाने सांगायचे. सोलापूर म्हटलं की मला कळायचं. रेघा मला कधीच दिसल्या नसत्या. त्याच्या बापाचा यात हात नाही असं लिही. म्हातारी आंधळी झाली, तिने पाकीट घालवलं, असं लिही."

"आंधळी नाही लिहीत," वहिनी म्हणाली.

"मग काय लिहिणार? मोठे डोळे आहेत म्हणून?"

व्याह्यांना हसू आलं. वहिनीने "आईंना कमी दिसतं" असं लिहिलं. आईने ते वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाली, "कमी काढ." वहिनीने शब्द खोडला आणि "दिसत नाही" केलं. खाली वडिलांनी सही केली. दुसरं काही त्यांनी लिहिलं नाही. पाकिटावर फक्त दादाचं नाव घालून मी ते सुलतान बाजारात पोचतं केलं. व्याही एकटेच परभणीला परत गेले.

पोचल्याची खबर बरेच दिवस आली नाही. वहिनी रोज ओट्यावर येई. पोस्टमन लांबूनच हाताने नाही म्हणे, म्हणजे तिला उभं राहायला नको. त्याच्या स्वतःच्या पत्राबद्दल तिने विचारणं सोडलं नव्हतं, आणि त्याचं उत्तर बदललं नव्हतं.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका दुपारी तो दारात आला. रविवार होता, वडील घरी होते आणि मीही होतो. कोणा आजाऱ्याच्या घरी तार द्यायची होती म्हणून तो बाहेर पडला होता आणि त्याने हे पाकीट बरोबर घेतलं होतं.

"माँजी," तो म्हणाला. "बैरंग है."

वडील उठले. आईने त्यांना हाताने बसवलं आणि ती स्वतः दाराशी गेली. पोस्टमनने पाकीट तिच्या हातात दिलं. पत्ता तिच्याच नावाचा होता. पत्त्याखाली दोन रेघा होत्या. त्या टाकाने ओढलेल्या नव्हत्या. कुंचल्याने, काळ्या रंगात, बोटाएवढ्या जाड काढल्या होत्या आणि पाकिटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेल्या होत्या.

आईने पाकीट उन्हात धरलं, डोळ्यांजवळ नेलं आणि थोडं लांब केलं.

"आहेत," ती म्हणाली.

मग तिने कनवटीचे पैसे सोडून पोस्टमनला दिले आणि पत्र घेतलं.