कमी पडलेला भोवताल

मी बारामतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि शेळगावहून ये-जा करत पीएच.डी. करते. एखादी छोटी क्वांटम व्यवस्था भोवतालच्या उष्णतेत उघडी ठेवली, तर ती आपली ऊर्जा कशी गमावते, हे संगणकावर घडवून पाहायचं, हा विषय. माझ्या आलेखात ऊर्जा नीट उतरायची आणि थोड्या वेळानं पुन्हा वर चढायची. निवलेला चहा कपातच आपोआप गरम व्हावा, तशी.

मार्गदर्शक सर म्हणाले, "मॅडम, महिन्याभरात हे सुधारलं नाही तर प्रकरण काढून टाका."

"मग प्रबंधात माझं काय उरतं?"

"प्रस्तावना."

दोन आठवडे मी प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली. चूक सापडली नाही.

आमच्याकडे धारा काढल्या की दुधाचा कॅन डेअरीची गाडी येईपर्यंत गुरांच्या हौदात उभा करतात. एका संध्याकाळी मला प्रोग्रॅम तपासायला बसायची घाई होती, म्हणून तो दारातल्या टबातच ठेवला. अर्ध्या तासानं सासरे आले.

"कॅन हितं कुणी ठेवला?"

"मीच, आबा. टबात पाणी आहे की."

"हात घालून बघ. दूध गार झालं न्हाय, पाणीच तापलंय. एवढी शिकलीस, टब आन् हौद कळंना व्हय?"

आम्ही दोघांनी कॅन उचलून हौदात नेला. टबातली ऊब दुधात परत जात नाही, हे खरं. पण माझं दुखणं त्याच जातीचं होतं. कॉलेजच्या संगणकात मावावेत म्हणून भोवतालासाठी मी सहाच दोलक, म्हणजे ऊर्जा शोषून घेणारे सहाच कंप पावणारे घटक, घेतले होते. त्यांनी घेतलेली ऊर्जा दुसरीकडे जाणार कुठं? ती परत येत होती. हे मी वर्गात शिकवलेलंसुद्धा होतं.

नवा संगणक मिळणार नव्हता. तापमान कमी होतं, म्हणून प्रत्येक दोलकाच्या ऊर्जेच्या वरच्या, जवळजवळ रिकाम्या पायऱ्या छाटल्या आणि वाचलेल्या जागेत दोलक वाढवून चौदा केले. तीन वेळा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला. चौथ्यांदा ऊर्जा उतरली आणि मला हव्या त्या काळात खालीच राहिली.

सरांनी आलेखाच्या टोकावर बोट ठेवलं. "इथं पुन्हा चढतेय."

"इथं चौदाही कमी पडतात. कुठपर्यंत विश्वास ठेवायचा, ते खाली लिहिलंय."

त्यांनी ते वाचलं आणि पान उलटलं. प्रकरण प्रबंधात राहिलं.