बॉनेटखालचं सासर

शिवणकाकूंना गाडी झकास चालवता यायची. अरुंद बोळातून उलटी काढायची म्हटलं तरी त्या टीप मारल्यासारखी सरळ काढत. तरीही परवान्याच्या परीक्षेत त्या दोनदा आपटल्या होत्या, आणि दोन्ही वेळा बॉनेट उघडल्यावरच. परीक्षक बोट दाखवून विचारायचा, "हे काय? काय काम करतं?" की काकूंची दातखीळ बसायची. पहिल्या वेळी त्यांनी बॅटरीला इंजिन म्हटलं होतं. दुसऱ्या वेळी खुद्द इंजिनाकडे बघून, "हे नंतर विचारा," म्हणाल्या होत्या.

या खेपेला मात्र नापास होऊन भागणार नव्हतं. लांबच्या एका शाळेच्या गणवेशांचं मोठं काम त्यांना मिळू घातलं होतं. अट एकच, कपडे वेळेवर तुम्हीच आणून द्यायचे. काका, म्हणजे काकूंचे यजमान, आधी गाडी चालवत. पण नजर अधू झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना स्टिअरिंगला हात लावायची बंदी केली होती. परवाना नाही तर काम नाही, इतका सरळ हिशेब होता.

"अगं, पाठ कर की," काका म्हणाले.

सांगायला काय जातं! पाठांतराशी काकूंचा छत्तीसचा आकडा. पण सासरचं कोण कधी कशावरून रुसलं, कोण कोणाला काय बोललं, हे मात्र त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. मग त्यांनी आपल्या धंद्यातली वाट धरली. कापडावर खडूने बाही, पाठ, गळा असं लिहून ठेवलं की चूक होत नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, शिवणाचा खडू घेतला आणि एकेका भागावर सासरचं एकेक माणूस लिहून टाकलं. मग रोज भाजीला जाण्याआधी त्या बॉनेट उघडून सगळ्या सासरला भेटून येऊ लागल्या. परीक्षेच्या सकाळी तेवढं पुसून टाकलं की झालं.

परीक्षेच्या सकाळी सासूबाई सगळ्यांच्या आधी तयार होऊन गाडीत बसल्या. "आम्ही नको का बघायला?" म्हणत मागोमाग नणंद आणि काकाही शिरले. सोबत परवानाधारक हवा म्हणून मोठे दीर स्टिअरिंगवर. इतक्या सगळ्यांसमोर बॉनेट कसं उघडणार? ओलं फडकं काकूंच्या हातातच राहिलं.

मैदानावर परीक्षकाने बॉनेट उघडलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाकून बघितलं. "बाई, हे 'सासूबाई' काय आहे?"

ते ऐकून सासूबाई काठी टेकत पुढे आल्या. खरं सांगावं तर घरात पाऊल ठेवायची सोय नाही, न सांगावं तर शाळेचं काम गेलं. त्यांनी डोळे मिटले आणि बोलायला सुरुवात केली.

"रेडिएटर, साहेब. इंजिनाचं डोकं थंड ठेवतो. तो नसेल तर गाडी चार पावलं जायची नाही. फक्त तापलेला असताना झाकण उघडायला जायचं नाही. तोंड भाजतं."

"आणि 'भावोजी'?"

"बॅटरी. सकाळी एकदा जोर लावून गाडी सुरू करून देतात. मग दिवसभर चालत्या इंजिनाच्या जिवावर चार्ज होत बसतात."

दीर एकदम घड्याळ बघू लागले.

"'वन्सं'?"

"हॉर्न. त्याच्यामुळे गाडी चालत नाही, साहेब. पण येतेय हे सगळ्या गल्लीला कळतं."

नणंदेने तोंड उघडलं. सासूबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं, तसं ते मिटलं.

परीक्षकाने कोपऱ्यातली काळी डबी दाखवली. झाकणावर फक्त 'हे' लिहिलं होतं. आता काका पुढे सरकले. इंजिन नाही तर नाही, पण काहीतरी भारदस्त आपल्या वाट्याला आलं असेल, अशी त्यांची आशा होती.

"फ्यूज," काकू म्हणाल्या आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "एवढासा असतो, दिसतसुद्धा नाही. पण कुठे जास्त झालं की आधी स्वतः जळतो. म्हणून बाकीची गाडी वाचते."

काका मान खाली घालून बुटाच्या टोकाने माती उकरत राहिले. आपण नुसता फ्यूज असल्याचं त्यांना मुळीच वाईट वाटलं नव्हतं.

परीक्षकाने हसू दाबत शिक्का मारला.

परत येताना गाडी काकूंनी चालवली. सगळ्या वाटेत काकूंनी भीतीने एकदाही हॉर्न वाजवला नाही. दारात पोचल्यावर सगळे गुपचूप उतरून आत गेले. काकूंनी घाईघाईने फडकं ओलं केलं आणि बॉनेट उघडलं. भावोजी पुसले, वन्सं पुसल्या. रेडिएटरकडे हात गेला तोच मागे काठी वाजली.

"माझं राहू दे," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, पण आई..."

"राहू दे म्हटलं ना! आणि ते झाकणाचंही खाली लिहून ठेव. घरात सगळ्यांना ठाऊक असलेलं बरं."