थेल्माच्या दोरीवरची शिवलिंगी

थेल्मा प्रॅटपुढे वेलींच्या गप्पा मारायची कुणाची टाप नव्हती! क्वीन्सलंडमधल्या त्या ओढ्याकाठी दर बुधवारी म्हातारीकोतारी मंडळी जमायची, परकं तण उपटायची, मूळचे तिथलेच असलेले वेल राखायची. चौदा वर्षं बाई त्यांच्या मुकादम.

"पान काय बघतोस, तणावा बघ," ती नवख्याला दटावायची, "आधाराला विळखा घालणारा तो धागा! पानाच्या बगलेतून निघाला तर रानटी कृष्णकमळ, खुशाल उपट. देठाच्या कडेनं निघाला तर काकडीच्या घराण्यातला. मग हात आवर आणि मला हाक मार!"

चुकून भलता वेल उपटला, तर पुढच्या बुधवारी घरी केलेले लॅमिंग्टन आणायचे, हा दंड. चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले ते केकचे तुकडे सगळ्यांनी आणले होते. थेल्मानं कधीच नाही.

सल एकच होता. काकडीच्याच घराण्यातल्या शिवलिंगीचा ओढ्यावरचा एकुलता एक वेल पुरात वाहून गेला. पांढऱ्या पट्ट्यांची ती लाल फळं पुन्हा बघायला बाईचा जीव तुटायचा. तीन उन्हाळे शोधलं, व्यर्थ.

एका दुपारी शेजारचा लेन चहाला आला. थेल्मानं परसातल्या दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता दोरीच्या खांबावरचा कोंब ओरबाडून बादलीत टाकला.

"मेलं कृष्णकमळ! दर पंधरवड्याला उपटते, तरी हजर."

लेननं कोंब उचलला, चष्मा लावला. "थेल्मा, तणावा बघितलास?"

"माझ्याच परसात मला शिकवतोस?"

"बघ तरी, बाई."

बघितलं. तणावा देठाच्या कडेनं निघालेला, टोकाला दोन फाटे. थेल्मा मटकन कपड्यांच्या टोपलीवरच बसली.

"लेन, हीच रे ती शिवलिंगी! दोरीवर बसणाऱ्या पाखरांनी माझ्या दारात आणून टाकली, आणि मी मेली... मूळ बघ, मूळ आहे का?"

लेननं बोटांनी माती उकरली. खाली गड्डा होता, चांगला टणक.

"शाबूत आहे! वरवरचंच तोडत होतीस. जन्मात एकदा अर्धवट काम केलंस, देव पावला!"

थेल्मा रडता रडता खो खो हसली.

बुधवारी तिनं सगळ्यांच्या आधी डबा उघडला. लॅमिंग्टन दगडासारखे झाले होते. तरी प्रत्येकानं दोन दोन खाल्ले.

मार्चमध्ये पहिलं फळ लाल झालं, तेव्हा सगळी मंडळी परसात जमली.

"कपडे कुठे वाळत घालतेस आता?" लेननं विचारलं.

"न्हाणीघरात," थेल्मा म्हणाली. "दोरी तिची झाली."