जावेचा पासवर्ड

वाडीत, ट्रकांच्या गोदामांजवळ, माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशन कार्ड, सगळं करते. कितीतरी वर्षं त्या रस्त्यावर मी एकटीच होते. मग धाकट्या जावेनं चार दुकानं सोडून तसंच दुकान टाकलं आणि गोदामातल्या बाया माझ्या दारावरून पुढे तिच्याकडे जायला लागल्या.

मला ते बघवत नव्हतं. काम मीच तिला शिकवलं होतं. माझा हातही तिच्यापेक्षा चलाख. लोकांचे पासवर्ड मी वहीत लिहून ठेवायचे, म्हणजे पुढच्या खेपेला पाच मिनिटांत काम. ती ज्याचा पासवर्ड त्यालाच टाकायला लावायची, आधारची झेरॉक्ससुद्धा परत द्यायची. तरी रांग तिच्याकडेच.

एका बाईला मी अडवलंच. "काहून वं, माझ्याकडे येत नाही आता?"

"तिथं आपलं आपल्याजवळच राह्यते, ताई," ती म्हणाली आणि गेली. दिवसभर माझा जळफळाट झाला.

एका दुपारी वही चाळताना जावेचं नाव दिसलं. दुकान टाकायच्या आधी तिचा रहिवासी दाखला मीच काढून दिला होता. सहज म्हणून दाखल्यांच्या सरकारी साइटवर तिचा पासवर्ड टाकला. सहज कसलं, काही खोटंनाटं सापडावं म्हणून टाकला. खातं उघडलं. आत अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज होता आणि सोबत कानाच्या डॉक्टरांचा कागद. डाव्या कानानं तिला जवळजवळ ऐकूच येत नव्हतं.

पंधरा दिवसांनी भिवापूरला नणंदेच्या घरी बारसं होतं. जेवताना सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "धाकटीनं नाव काढलं हो आमचं." माझ्या तोंडून निघून गेलं, "तिले काही सांगायचं असलं तर उजवीकडून सांगा. डावा कान गेला तिचा."

दीर बायकोकडे बघतच राहिला. त्यालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली, उभीच राहिली.

"ताई, डॉक्टरले माहीत होतं, अन् त्या अर्जात होतं. तुम्हाले कोणी सांगितलं?"

मी टेबलावरची वही हातानं झाकली.

"वहीत माझा पासवर्ड आहे, हे माहीत होतं मले. तरी बदलला नाही. म्हटलं, घरचंच माणूस आहे."

मी माफी मागितली. ती ऐकून घेऊन निघून गेली.

त्या आठवड्यात वहीतल्या एकेकाला फोन करून मी पासवर्ड बदलायला लावले आणि मग वही फाडून चुलीत घातली. "काही झालं का जी?" असं दोघा-तिघांनी विचारलं. "काळजी म्हणून," मी म्हटलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

दिरानं तिला कानाचं मशीन घेऊन दिलं. केस मागे बांधून ती ते उघड लावते. सणावाराला माझ्याशी बोलते, बेतानंच. माझा हेवा मात्र पुरता गेलेला नाही. परवा भाजी आणायला जाताना तिच्या दारातल्या बाया मी मोजल्याच. अकरा होत्या.