माळ्यावरची खोली

आमच्या घराच्या माळ्यावर वर्षानुवर्षं अडगळ साठली होती. यंदा ती काढून तिथे ओटा आणि न्हाणीघर केलं, बाहेरून जिना बांधला आणि जागा भाड्याने दिली. राहायला आल्या एक निवृत्त शिक्षिका. आजवर त्या भावाच्या घरी राहत होत्या.

"दुसरी किल्ली कोणाकडे असते?" त्यांनी विचारलं.

"तीही तुमच्याकडेच ठेवा," मी म्हणाले.

त्यांनी आत जाऊन कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मी जिन्यावरच थांबले. आधी माहेर, मग सासर. केवळ आपलं असं दार मलाही कधी नव्हतं, हे तेव्हा जाणवलं.

थोड्या वेळाने दार उघडलं. "या ना, चहा टाकलाय," त्या म्हणाल्या.

चपला बाहेर काढून मी पाहुणीसारखी आत गेले.