एका वायरीसाठी आठ दारं

जपानमधल्या फुनाबोरीतल्या आमच्या बिल्डिंगचे केअरटेकर कधीच ‘नाही’ म्हणत नसत. मान वाकडी करून दातांतून लांब श्वास ओढला, की समजायचं, आपलं काम बोंबललं.

ऐन जानेवारीत साडू भाड्याची कॅम्पिंग कार घेऊन मुक्कामाला आले. त्यांच्या आईंना आमचा जिना चढवेना, म्हणून त्या खाली गाडीतच झोपणार होत्या. हीटरसाठी मी गॅलरीतून वायर सोडली. केअरटेकर श्वास ओढत हजर!

“आई म्हाताऱ्या आहेत हो, गारठतील,” मी मोडक्या जपानीत विनवलं.

त्यांनी टेपनं वायरीची उंची मोजली, तिला लाल फडकं बांधलं आणि म्हणाले, “आता शेजाऱ्यांची माफी मागू.”

“पण अजून काही झालंच नाही!”

“म्हणूनच आत्ता.”

ते प्रत्येक दारात कमरेतून वाकत. मागे मी, चरफडत. आठवं दार आमचंच निघालं.

“अहो, हे माझंच घर!”

त्यांनी यादी पाहिली, बेल दाबली. बायकोनं दार उघडताच ते वाकले. मग मीही वाकलो.

“सतरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा,” बायको म्हणाली, “आणि तेही वायरीसाठी!”

केअरटेकरांनी आमच्या नावापुढे खूण केली आणि मगच हीटर लावू दिला.