सावळीरामची छन्नी

धुकं इतकं दाट होतं की नवसाबाईला वाफ्यापलीकडचा बांधसुद्धा दिसत नव्हता. बोटं गारठून लाकूड झालेली. तरी ती उकिडवी बसून कोथिंबीर उपटत होती, मुळांची माती झटकून जुड्या बांधत होती. आज नवऱ्याचं वर्षश्राद्ध. पण संध्याकाळच्या लिलावाला माल जायचाच होता.

सावळीराम दिंडोरीच्या अंगाला विहिरी फोडायचा. काळ्या खडकात मशीनने भोकं पाडायची, सुरुंग उडवायचे, राहिलेला दगड छन्नीने सोलायचा. उभ्या हयातीची ती धूळ छातीत जाऊन बसली. शेवटी शेवटी खाटेवर धापा टाकत तो मोबाईलवर एकच व्हिडिओ बघायचा. अंदमानाच्या समुद्रातलं ज्वालामुखीचं बेट.

"हे बघ, आपलाच दगड," तो बायकोला म्हणायचा. "फक्त ताजा हाय. अजून वाफ निघती. आन् वर शेळ्या हिंडत्यात!"

"मग तिथं कोणाची विहीर फोडायची राहिली का तुमची?"

तो हसायचा आणि हसता हसता खोकल्याने दुमडायचा.

दहाव्याला गोदावरीकाठी पिंडाला कावळा शिवेना. कावळे झाडावर बसले होते, पण नुसते बघत होते. धाकटा दीर भिकन हात जोडून म्हणाला, "दादा, तुझ्या पूजाचं लग्न मी लावून देतो." कावळे हलले नाहीत. "तुझी अर्धी राहिलेली विहीर पुरी करतो." तरी नाही. ऊन चढलं, माणसं चुळबुळायला लागली. नवसाबाई वैतागून बोलली, "बरं बाबा, तुमची छन्नी त्या बेटावर नेऊन ठेवते!"

एक कावळा सरळ खाली आला आणि भाताला चोच मारून गेला.

सगळ्यांनी हात जोडले. भिकन मात्र तिच्या कानाशी पुटपुटला, "वहिनी, हे काय बोलून बसलात? आता ठेवावीच लागंल. नायतर दादा अडकून राहील."

ते 'अडकून' तिच्या कानातून जाईना. दिवाळीनंतर पोरीला घेऊन ती अंदमानाला निघाली.

बोटीत रात्रभर उलट्या झाल्या. उजाडताना बेट वर आलं. डोक्यावर धूर, आणि तिथून पाण्यापर्यंत कोळशासारखा काळा उतार, गवताची काडी नाही. दुसऱ्या अंगाला हिरवी झाडी, तिच्यावरून पांढऱ्या पारव्यांचा थवा फिरत होता. काळ्या धारेवर दोन शेळ्या उभ्या होत्या.

शेळ्या खरंच होत्या. ते बघून नवसाबाईला रडू फुटलं.

"उतरायचं कुठं?" तिने डोळे पुसत विचारलं.

"उतरना मना है, अम्मा. यहीं से देखो," बोटवाला म्हणाला.

तिने पदरातली छन्नी दाखवली, हात जोडले. तो मान हलवत राहिला.

"आई, पाण्यात टाक," पूजा म्हणाली. "पोचंल बाबांना."

"टाकायला ती काय अस्थी हाय का? ठेवते म्हणाले होते मी."

बोटीने बेटाला वळसा घातला. नवसाबाई आभाळ धुंडाळत होती. पारवे होते, कावळा एकही नव्हता. छन्नी परत आली.

आज दुपारी धुकं फाटल्यावर भिकनने पत्र्यावर घास ठेवला. विजेच्या तारेवर कावळे बसले होते. बसूनच राहिले.

"वहिनी, छन्नी ठेवली ना तिकडं?"

पूजाने आईकडे बघितलं.

"नाय," नवसाबाई म्हणाली. "उतरूच दिलं नाय."

भिकनचा चेहरा उतरला. "अहो, मग कावळ्यांकडं बघून 'ठेवली' म्हणा. दादाचं समाधान!"

"त्यांच्याशी कधी खोटं बोलले नाय. आता काय बोलू?"

मग भिकनने दर्भाचा कावळा केला, घासाला टेकवला आणि खाली मान घालून जेवायला बसला. नवसाबाईने ताट बाजूला सारलं.

रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला. "मावशी, माल झाला का?"

"झालाच!" ती उठली. जुड्यांवरचं ओलं बारदान वाऱ्याने उडत होतं. तिने कोनाड्यातली छन्नी आणून त्याच्यावर वजनाला ठेवली आणि उरलेल्या जुड्या बांधायला बसली.